विंचवाचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे ज्याचा एके ठिकाणीं पाय ठरत नाहीं अशा माणसाला उद्देशून थोड्या कींवेनें व थोड्या तुच्छतेनें वापरण्याचा परिपाठ आहे. ज्याला घर आहे, घरांत चूल आहे आणि दाराला कुलूप आहे, तो आपखुषीनें बिऱ्हाड पाठीवर कशाला घेईल, असा तिच्यामागचा विचार दिसतो. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत युरोप व अमेरिका खंडांतील असंख्य सुखवस्तु कुटुंबांनीं हेंच केलें आहे आणि त्यासाठीं पदरचे पैसे मोजले आहेत. मोटारीमागें जोडलेली दोन चाकांची लहानशी घरगाडी, तींत चौघांपुरती निजण्याची सोय, एक शेगडी, पाण्याची एक टांकी. आणि मुलांबाळांसह नदीकांठीं किंवा रानाच्या कडेला चार दिवसांचा मुक्काम. इंग्रज लोक या गाडीला कारवान म्हणतात, अमेरिकन लोक ट्रेलर म्हणतात. कारवान हा शब्द मूळचा फारसी, त्याचा अर्थ तांडा. उंटांच्या व माणसांच्या लांबच लांब रांगेचें नांव इंग्रजांनीं एकट्या गाडीला देऊन टाकलें, आणि पुढें तेंहि लांब वाटल्यावरून त्याचें शेंपूट तेवढें ठेवून 'व्हॅन' केलें. आपल्याकडील लमाणांचा तांडा मात्र तांडाच राहिला.

या गाडीचा वंश सांगणारे लेखक बहुधा १८८५ सालापासून आरंभ करतात. त्या सालीं विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉच गृहस्थानें ब्रिस्टल येथील डबे व गाड्या बांधणाऱ्या कारखान्याकडून 'वॉन्डरर' नांवाची एक घरगाडी बांधवून घेतली. हा गृहस्थ पूर्वीं इंग्रजी आरमारांत वैद्य असून पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहून नांवारूपास आला होता. गाडीचें काम महोगनी व मेपल यांच्या लांकडाचें; वजन सामानासह जवळजवळ २ टन; ओढावयास दोन घोडे, हांकावयास गाडीवान, आणि सरबराईस एक नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई व रस्ता मोकळा आहे कीं नाहीं तें पाही. अशा थाटानें बर्कशायरांतील ट्वायफर्डहून निघून स्टेबल्स उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत गेला, आणि दुसऱ्या वर्षीं त्यानें या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तें लोकप्रिय झालें, त्याचें अनुकरण करणारे निघाले, आणि १९०७ सालीं इंग्लंडांत कारवान क्लबची स्थापना झाली.

हें सर्व खरें आहे. तथापि आजच्या लहान कौटुंबिक घरगाडीचा मूळपुरुष म्हणून 'वॉन्डरर'ला मान देणें आम्हांस मान्य नाहीं. दोन टनांचें ओझें, पगारी गाडीवान आणि पुढें धांवणारा हुजऱ्या ज्याला परवडतो त्याचा तो चालता बंगला होता. बंगल्याला चाकें लावलीं म्हणून त्याची पर्णकुटी होत नाहीं. ज्या कुटुंबाला वर्षांतून पंधरा दिवसांची रजा आणि बेताचा पैसा, त्याला उपयोगी पडणारी परंपरा दुसरीकडूनच आली आहे, आणि तिचा उगम एका शिंप्याच्या दुकानांत सांपडतो.

टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. लहानपणीं, १८५३ सालीं, आईबापांबरोबर त्यानें अमेरिकेंतील गवताळ मैदानें गाड्यांच्या तांड्यांतून ओलांडलीं होतीं. त्या प्रवासाची चटक त्याला जन्मभर पुरली. परंतु त्याच्यापाशीं ना घोडे ना गाडीवान. होती ती एक सायकल. सायकलवर जेवढें राहील तेवढेंच घर, असें त्याला धरून चालावें लागलें. कापड किती पातळ चालेल, शिवण कोठें दुहेरी हवी, खांब किती तुकड्यांत मोडतां येईल, हें शिंप्याला कळणारें शास्त्र होतें, आणि तें त्यानें मुरवून मुरवून इतकें हलकें केलें कीं तंबू, शेगडी व अंथरूण सायकलस्वाराला डोंगरांतून नेतां यावें. १९०१ सालीं त्यानें सायकलवाल्या तंबूकऱ्यांची संस्था काढली व १९०८ सालीं या विषयावरील आपली प्रसिद्ध मार्गदर्शिका छापली. स्टेबल्सनें विचारलें, 'मला काय काय लागेल?' होल्डिंगनें विचारलें, 'हें ओढणार कोण?' या दुसऱ्या प्रश्नावरच पुढचा सगळा इतिहास उभा आहे, असें आमचें मत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यांत येऊं लागली, तेव्हां हा प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनें १९१९ सालीं मोटारीमागें ओढावयाच्या घरगाड्या विक्रीसाठीं बांधण्यास आरंभ केला. १९२२ सालीं ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली मोटार निघाली, आणि अनेक कुटुंबांना पहिली मोटार मिळाली ती हीच. तिच्यामागें दोन टनांची 'वॉन्डरर' लावणें म्हणजे शेळीला औतास जुंपण्यासारखें. म्हणून लांकडी सांगाडा बारीक झाला, भिंती पातळ झाल्या, छप्पर उतरलें. फ्रान्सांत १९३६ सालीं कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानें मिळाली, इंग्लंडांत १९३८ सालीं त्या दिशेनें कायदा झाला. आणि ज्यांना पूर्वीं रजा म्हणजे पगाराला मुकणें वाटे अशीं कुटुंबें रस्त्यावर आलीं. मोटार लहान, रजा लहान. बिऱ्हाडहि लहानच असणें भाग होतें.

या काळांतील ज्या एका गाडीची हकीकत आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती दक्षिण जर्मनींतील आहे. आल्प्सच्या पायथ्याशीं आल्गॉय प्रांतांत इस्नी नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें डेथलेफ्स कुटुंबाचा घोड्यांचे चाबूक आणि बर्फावर घसरावयाच्या खेळांतील काठ्या बनविण्याचा कारखाना होता. त्या घरांतील आरिस्ट डेथलेफ्स याला माल खपविण्यासाठीं वर्षांतील बराच काळ फिरतीवर राहावें लागे. त्याची नियोजित वधू फ्रीडल एडेलमान ही निसर्गचित्रें काढणारी चित्रकर्ती. लग्न झाल्यावरहि नवरा गांवोगांवच्या खाणावळींत आणि आपण इस्नीला, हा देखावा तिला पसंत नव्हता. जिप्सींच्या गाडीसारखें कांहीं असेल तर दोघांनाहि बरोबर फिरतां येईल आणि आपल्याला वाटेंत चित्रेंहि काढतां येतील, अशी इच्छा तिनें व्यक्त केली. आरिस्टनें ती थट्टेवारी नेली नाहीं. १९३१ सालीं मोटार ठेवण्याच्या कोठींत त्यानें स्वतः एक गाडी बांधली व तिला 'वोनआउटो', म्हणजे राहण्याची मोटार, असें नांव दिलें. प्रवासांत वारा अडूं नये म्हणून छप्पर ठेंगणें, आणि मुक्कामावर तें वर उचलून उभें राहतां येईल अशी युक्ति. पुढें कन्यारत्न झालें तेव्हां तींहि त्याच गाडींतून आईबापांबरोबर फिरूं लागलें. वाटेंत पाहणारे लोक थांबवून चौकशी करीत, आपल्यालाहि तशीच बांधून द्या म्हणत; अखेर चाबूक मागें पडले आणि गाड्यांचाच कारखाना झाला.

या हकीकतींत हौस कमी आणि गरज अधिक आहे. पोटासाठीं फिरणाऱ्या माणसाचें घर त्याच्यापासून तुटूं नये, ही ती गरज. आणि ती ओळखली बाईनें. अमेरिकेंतील वॉली बायम याची कथाहि अशीच सांगतात. १९२० च्या दशकांत तो तंबू घेऊन रानांत जाई. स्वयंपाकाची सोय नसेल तर मी येणार नाहीं, असें त्याच्या पत्नीनें, मॅरियननें, बजावलें, आणि त्यानें फोर्डच्या सांगाड्यावर शेगडी व बर्फपेटी असलेली एक लहान खोली उभी केली. तींतून पुढें १९३१ सालीं एअरस्ट्रीम कंपनी निघाली. दोन खंडांत दोन स्त्रियांच्या तोंडून एकच तक्रार निघावी, यांत आम्हांस योगायोग दिसत नाहीं. रानांत गेल्यावरहि चूल जिला पेटवावी लागते तिलाच चुलीची जागा आधीं दिसते. कंपन्यांच्या चरित्रांत या बायकांना एकेक परिच्छेद मिळतो. आम्ही त्यांना या गाडीच्या निम्म्या कर्त्या समजतों.

येथें एक कटु गोष्ट नमूद केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. फ्रीडलनें ज्यांच्या गाडीचा दाखला दिला ते सिंती व रोमा लोक त्याच जर्मनींत त्याच गाडीपायीं गुन्हेगार ठरत होते. १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरण्यापूर्वीं शहर देखणें दिसावें म्हणून पोलिसांनीं त्यांचीं कुटुंबें त्यांच्या गाड्यांसह उचलून मार्त्सान येथील छावणींत नेऊन घातलीं. पुढें तेथून पुष्कळांना आउश्वित्सला पाठविण्यांत आलें. एकाच देशांत, एकाच दशकांत, चाकांवरचें घर एकाची सुट्टी ठरलें आणि दुसऱ्याचा अपराध. आपणांस यावर दुरून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मराठवाड्यांतील ऊसतोड कामगार दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवर चूल, भांडीं, शेळी आणि लेंकरें चढवून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या बिऱ्हाडाला आपण सहल म्हणत नाहीं.

आतां पुन्हां वजनाकडे वळूं. हलकेपणाची विद्या खरी कोणाला ठाऊक असेल तर ती विमान बांधणाऱ्याला. लिंडबर्गनें ज्या विमानांतून अटलांटिक महासागर ओलांडला त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा हॉली बोलस यानें १९३४ सालीं ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडलेली एक गाडी बाजारांत आणली. थेंबासारखा आकार, चकचकीत अंग, आणि वजन सुमारें ११०० पौंड, म्हणजे ५०० किलो. तिचें दार मात्र पुढच्या तोंडाला, जोडणीच्या दांड्यावरच होतें. घरांत शिरावयाचें तर दांडा ओलांडून. बोलसचा धंदा लवकरच बसला; बायमनें तोच आकार घेतला, दार बाजूला नेलें, आणि १९३६ सालीं 'क्लिपर' काढली. तिची किंमत १२०० डॉलर होती, आणि त्या मंदीच्या दिवसांत ती कोणा कारकुनाला परवडण्यासारखी नव्हती. कारकुनासाठीं दुसरा मार्ग होता. प्लायवुडचा तक्ता अमेरिकेंत ४ फूट रुंद व ८ फूट लांब मिळतो. तेवढ्याच मापाची, अश्रुबिंदूच्या आकाराची एक पेटी करावयाची, आंत दोघांपुरती गादी, मागचें झांकण उचललें कीं त्याखालीं स्वयंपाकघर. अशा गाडीचे नकाशे कारागिरीच्या मासिकांतून छापून येत, आणि लोक सुट्टीच्या दिवशीं आपल्या अंगणांत ती ठोकून तयार करीत. तींत उभें राहतां येत नसे, पाऊस आला तर स्वयंपाक भिजे. पण ती कोणतीहि मोटार ओढून नेई.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ओढणारा बलवान् झाला. मोटारींचीं इंजिनें मोठीं झालीं, रस्ते रुंद झाले, पेट्रोल स्वस्त. आणि होल्डिंगचा प्रश्न लोक विसरले. घरगाड्या दरवर्षीं लांबत गेल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांना व नंतर परतलेल्या शिपायांना राहावयास जागा नव्हती, त्यांनीं यांतच संसार थाटले, म्हणून न्हाणीघर आलें, मग दुसरी खोली आली. १९५४ सालीं १० फूट रुंदीच्या गाड्या निघाल्या. इतकी रुंद वस्तु रस्त्यावर न्यावयाची तर खास परवाना काढावा लागे. सबब ती एकदां नेऊन ठेवली कीं तेथेंच राही. चाकें होतीं, पण तीं गवतांत रुतलेलीं. विंचू मेला आणि बिऱ्हाड उरलें, असा हा प्रकार झाला.

लहान गाडीचा पुनर्जन्म कॅनडांत विनिपेग येथें झाला, आणि तोहि एका अगदीं अकाव्यमय वस्तूंतून. रे ओलेको नांवाच्या गृहस्थानें मैलापाण्यासाठीं जमिनींत पुरावयाची टांकी काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची, बनविली होती. टांकीचा गुण एकच : ती गळतां कामा नये. आणि तोंवरच्या घरगाड्यांचा रोगहि एकच होता. लांकडी सांगाड्यावर पत्रे किंवा तक्ते ठोकलेले, शेंकडों सांधे, वाटेच्या हादऱ्यांनीं सांधे सैल होत, पाणी आंत शिरे, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी गाडी आंतून कुजत जाई. जी वस्तु पाणी आंत कोंडून ठेवते ती पाणी बाहेरहि ठेवील, हा साधा विचार ओलेकोला सुचला. १९६८ सालीं त्यानें १३ फूट लांबीची गाडी काढली. खालचा अर्धा भाग एका सांच्यांतून, वरचा अर्धा दुसऱ्या सांच्यांतून; दोन्ही अर्धुकें कमरेशीं एकावर एक बसवून जोडलीं कीं घर झालें. करवंटीवर करवंटी ठेवावी तसें. सांगाडा नाहीं, सांधा एक. वजन सुमारें ९०० पौंड, म्हणजे ४०० किलोच्या आसपास. बाउलर नांवाच्या वाटोळ्या इंग्रजी टोपीसारखी दिसते म्हणून तिचें नांव 'बोलर' पडलें. आंत मागच्या बाजूस टेबल, तें रात्रीं खालीं बसवून त्याचा पलंग; पुढच्या बाजूस बांक, त्याचीं वर-खालीं दोन अंथरुणें; मध्यें शेगडी. चौघांचें कुटुंब, तेंहि लहान मोटारीमागें.

या गाडीच्या सांच्यांवरून व नमुन्यावरून उत्तर अमेरिकेंत बरीच प्रजा वाढली. मिनेसोटांतील 'स्कॅम्प' ही त्यांपैकीं सर्वांत दीर्घायु. खुद्द बोलरचें उत्पादन बंद होऊन कित्येक वर्षें झालीं, तरी तिच्या पन्नाशीनिमित्त २०१८ सालीं विनिपेगला शेंकडों गाड्या आपापल्या चाकांवर येऊन जमल्या. त्याच सुमाराच्या दुमजली स्वयंपाकघरवाल्या थोर गाड्या कोठें आहेत, तें विचारण्यांत अर्थ नाहीं. आणखी एक मौज पाहण्यासारखी आहे. समाजवादी पूर्व जर्मनींत त्राबांत ही २६ अश्वशक्तीची मोटार सामान्य कुटुंबाच्या वांट्याला, तीहि वर्षानुवर्षें नंबर लावल्यावर, येई. तिच्यामागें चालेल अशी जी 'केक ज्युनिअर' नांवाची गाडी तेथें १९७० च्या दशकांत निघाली तीहि काचतंतूची, गोलसर आणि चिमुकलीच होती. दोन्ही राजवटींचें एकमेकींशीं कशांतच जमत नव्हतें. पण ओढणारा दुबळा म्हटल्यावर उत्तर एकच आलें.

लहान घरगाडी घेऊं इच्छिणाऱ्यानें या इतिहासांतून काय पाहावें, असें कोणी विचारील. प्रथम हें, कीं विक्रेता सांगतो तें वजन रिकाम्या गाडीचें असतें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ८० लिटरची टांकी भरली कीं एक धट्टाकट्टा माणूस गाडींत बसला. त्यांत गॅसची टांकी, भांडीं, अंथरुणें, मुलांच्या सायकली. दुसरी गोष्ट भाराच्या वांटणीची, आणि ती आपल्या बैलगाडीवाल्याला कोणत्याहि यंत्रशास्त्रज्ञाइतकी कळते. गाडीचा भार मागें गेला कीं ती उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो; भार फार पुढें आला कीं त्यांच्या मानेवर येतो. मोटारीमागील गाडीचें तंतोतंत हेंच आहे. एकंदर वजनाचा सुमारें एक-दशांश ते पंधरा टक्के भार जोडणीवर यावा असा अमेरिकेंतील प्रघात आहे, युरोपांत तो याहून कमी ठेवतात. भार मागें असेल तर गाडी वेग वाढतांच सापासारखी डुलूं लागते आणि शेवटीं मोटारीलाच फरफटत नेते. तिसरी गोष्ट निजण्याची. टेबलाचा पलंग करणें पाहतांना फार चतुराईचें वाटतें. पण पावसाच्या दिवशीं एक मूल झोंपलेलें, दुसऱ्याला भूक लागलेली, आणि टेबल म्हणजेच पलंग, या स्थितीचा विचार दुकानांतच करावा. आमच्या मतें दोन मुलांच्या कुटुंबाला न मोडतां राहणारें निदान एक अंथरूण हवें. त्यासाठीं न्हाणीघर सोडावें लागलें तरी चालेल.

अलीकडे ओढणारा पुन्हां नाजूक झाला आहे. विजेवर चालणारी मोटार मागें जड, चौकोनी गाडी लागतांच एका भरणींत निम्म्याच्या आसपासच अंतर कापते. त्यामुळें डेथलेफ्सचें ठेंगणें छप्पर आणि बोलसचा थेंब यांना कारखानदार पुन्हां उजळणी देत आहेत. युरोपांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर नेतां येतो, हाहि लहान गाडीला एक आधार आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कारवान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि त्यानंतर वर्तमानपत्रांतून जीं चित्रें झळकलीं त्यांत बहुधा बसएवढ्या, आंत सोफे व दूरदर्शन असलेल्या गाड्या होत्या. म्हणजे आपणहि आरंभ स्टेबल्सपासूनच केला. वरंध घाटाच्या वळणावर समोरून एस्. टी. आली असतां तो चालता बंगला मागें कसा घ्यावयाचा, हें त्या चित्रांत दिसत नाहीं. ज्याच्या दारीं लहान मोटार आहे आणि ज्याला पोरांना घेऊन कोंकणांत उतरावयाचें आहे, त्यानें मोटारीच्या कागदांत ती किती ओढूं शकते हा आंकडा आधीं पाहावा. मग गाडी घेण्याचें ठरलेंच, तर पाणी, भांडीं, अंथरुणें सगळें भरून ती एकदां जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकांट्यावर चढवावी. हंगाम संपल्यावर तो मोकळाच असतो.